खुडूक कोंबडीची पिल्ले जुन्या कोंबड्यांत कधी सोडावीत?

प्रश्न – परसदार, धायरी

नमस्कार. पुण्यात धायरीला आमच्या घरामागे साधारण २० फूट लांब आणि १५ फूट रुंद अशी मोकळी जागा आहे. गेली दोन वर्षे तेथे तीन गिरिराज (सुधारित, अंगाने मोठी जात) व तीन गावरान अशा सहा कोंबड्या आणि एक कोंबडा आहे. गावरानांपैकी काळी कोंबडी जूनच्या अखेरीस खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायला बसू लागली, तेव्हा सासूबाईंनी खुराड्याच्याच कोपऱ्यात फळांच्या क्रेटमध्ये भाताचे तूस पसरून तिच्याखाली ११ अंडी रवणीला घातली. अंड्यांवर पेन्सिलीने खुणा केल्या होत्या, त्यामुळे इतर कोंबड्या तिच्या क्रेटमध्ये येऊन जी ताजी अंडी घालत, ती रोज संध्याकाळी ओळखून काढून घेता आली. २१व्या दिवसापर्यंत आठ पिल्ले निघाली. दोन अंडी फळलेलीच नव्हती आणि एका अंड्यातील पिल्लू कवचाला टोच पाडूनही बाहेर येऊ शकले नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी काळी पिल्लांना घेऊन प्रथमच क्रेटबाहेर आली. त्या वेळी सर्व कोंबड्या खाद्याच्या भांड्याभोवती जमल्या होत्या. एक पिल्लू चुकून त्या घोळक्यात शिरले आणि थोरल्या गिरिराजने त्याच्या डोक्यावर टोच मारून त्याला पंखाला धरून बाजूला फेकले. काळी धावून गेली, परंतु तोवर उशीर झाला होता. संध्याकाळपर्यंत ते पिल्लू गेले. तेव्हापासून काळीला आणि उरलेल्या सात पिल्लांना मी जिन्याखालच्या खोलीत ठेवले आहे. आज पिल्ले नऊ दिवसांची आहेत. काळी दिवसभर दाराशी येरझाऱ्या घालते आणि बाहेर कोंबडा आरवला की अस्वस्थ होते.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. पिल्ले दीड-दोन महिन्यांची होईपर्यंत त्यांना खोलीतच ठेवावे, की त्याआधी बाहेर सोडावे? मोठ्या कोंबड्यांना आम्ही लेअर मॅश (अंडी देणाऱ्या कोंबड्यांचे खाद्य) देतो, तोच बारीक करून पिल्लांना दिला तर चालेल का? आणि माझ्या नणंदेच्या मुलांनी सायकलवरच्या विक्रेत्याकडून गुलाबी व हिरव्या रंगात रंगवलेली चार पिल्ले आणली आहेत. तीही रात्री काळीच्या पंखाखाली सरकवून द्यावीत, असे घरात चालले आहे. ते योग्य होईल का?

उत्तर – सूसगावकर

ताई, पिल्लू गेल्याचे वाईट वाटले. परंतु त्यावरून तुम्ही जो निष्कर्ष काढला आहे, तो मला पटत नाही. कोंबड्यांमध्ये मानाची एक उतरंड असते आणि खाद्याच्या भांड्याशी ती सर्वांत कडकपणे पाळली जाते. तेथे एखादी मोठी तलंग (अजून अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी) जरी नव्याने आली असती, तरी तिलाही टोच बसलीच असती. फरक इतकाच की तलंगीला ती टोच सोसते, तीन दिवसांच्या पिल्लाला सोसत नाही. चूक गिरिराजची नाही आणि काळीचीही नाही. पिल्लांच्या पहिल्या फेरीच्या वेळी सगळ्यांचे एकच भांडे मध्यभागी होते आणि पिल्लाला पळून लपायला जागा नव्हती, एवढेच घडले.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. काळी आज त्या उतरंडीत जेथे कोठे असेल, ती तिची जागा हेच तिच्या पिल्लांचे खरे छप्पर आहे. पिल्ले पोटाशी असताना खुडूक कोंबडी आपल्या नेहमीच्या जागेपेक्षा चार पायऱ्या वर चढून वागते आणि इतरही तिला तशी वाट देतात. मात्र ही सवलत ती पिल्लांना सांभाळते तेवढ्याच दिवसांची, म्हणजे साधारण पाच ते आठ आठवड्यांची असते. ते सगळे दिवस तुम्ही तिला जिन्याखाली कोंडून ठेवले, तर बाहेर येईपर्यंत तीच इतरांना परकी झालेली असेल. तिला स्वतःच्या जागेसाठी भांडावे लागेल आणि नेमक्या त्याच वेळी ती पिल्लांना तोडू, म्हणजे स्वतःपासून दूर करू लागेल. म्हणजे पिल्लांना सर्वांत जास्त गरज असेल तेव्हा त्यांच्यामागे कोणीही नसेल. म्हणून माझे मत असे की दीड महिना थांबू नये. दुसरा आठवडा संपून तिसरा लागेपर्यंत माय-पिल्ले कळपात परतलेली असावीत.

अर्थात उद्याच दार उघडून सोडून देऊ नका. अंगणाच्या एका कोपऱ्यात, जेथे पावसाचे पाणी साचत नाही अशा उंचवट्यावर, जाळी लावून चार फूट बाय सहा फुटांचा भाग वेगळा करा. जाळीचे छिद्र अर्ध्या इंचाचे घ्या, कारण मोठ्या छिद्रातून पिल्ले बाहेर निसटतात आणि मग आई आत आणि पिल्लू बाहेर असा गोंधळ होतो. तीन-चार दिवस दोन्हीकडच्यांनी एकमेकांना पाहावे, जाळीपाशी येऊन मानेची पिसे फुलवावीत, दोन-चार खोट्या चढाया कराव्यात. जाळीच्या दोन्ही बाजूंना खाद्य ठेवले, तर शेजारी शेजारी खाण्याची सवयही होते. रात्री मात्र त्यांना खोलीतच घ्या. ही पातळ जाळी कोंबडीला अडवते, मुंगसाला किंवा बोक्याला अडवीलच असे नाही.

सोडण्याचा दिवस ठरवाल, तेव्हा दिवस मावळण्याआधी तासभर सोडा. त्या वेळी मोठ्या कोंबड्यांचे पोट भरलेले असते, त्यांना खुराड्याचे वेध लागलेले असतात आणि भांडण लांबले तरी अंधार ते मिटवतो. माझ्याकडे मुळशीच्या घरी बांबूचे एक जुने डालगे आहे. ते चार विटांवर उपडे ठेवले की खालून पिल्ले सुळकन आत जातात आणि मोठ्या कोंबडीची मान तेवढी आत शिरते. पिल्लांचे खाद्य त्या डालग्याच्या बरोबर मध्यभागी ठेवायचे, म्हणजे मान लांब करूनही ते मोठ्यांच्या चोचीला लागत नाही. डालगे मिळाले नाही तर तुमचा फळांचा क्रेटही चालेल.

उत्तर – निवृत्त पशुवैद्यक, औंध

वर लिहिलेले बहुतेक बरोबर आहे. त्याला जोडून एक कारण सांगतो, जे टोचीइतके डोळ्यांना दिसत नाही. जुन्या अंगणाच्या मातीत रक्ती हगवणीचे, म्हणजे कॉक्सिडिओसिसचे सूक्ष्म बीज असतेच. आईबरोबर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत हिंडणारी पिल्ले ते थोडे थोडे टिपतात आणि त्यातून त्यांच्या अंगात हळूहळू प्रतिकारशक्ती येते. याउलट कोरड्या, स्वच्छ खोलीत दीड महिना वाढवलेली पिल्ले भर पावसाळ्यात एकदम ओल्या अंगणात सोडली, तर त्यांच्यावर हा मारा एकदम होतो. पावसाळ्याच्या ओलसर उबेत हे बीज एक-दोन दिवसांत लागण करण्याजोगे होते, त्यामुळे जेथे पिल्ले बसतात तेथील तूस ओले दिसताच बदलावे. पिल्लू पंख खाली सोडून, मान आखडून एका जागी उभे राहू लागले किंवा शिटेत रक्त दिसले, तर वाट न पाहता जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात ताजी शीट कागदाच्या पुडीत घेऊन जावी. औषध पाण्यातून देतात आणि वेळेवर दिले तर गुण चांगला येतो. मात्र मात्रा वजन पाहून ठरते, म्हणून ती येथे लिहीत नाही.

लेअर मॅश पिल्लांना अजिबात देऊ नये. त्यात अंड्याच्या कवचासाठी साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम घातलेले असते आणि पिल्लाला साधारण एक टक्का पुरते. जास्तीचे कॅल्शियम बाहेर टाकताना पिल्लांची मूत्रपिंडे खराब होतात आणि हे नुकसान पुढे भरून येत नाही. बारीक केल्याने मॅशचा आकार बदलतो, त्यातला चुना कमी होत नाही. माय-पिल्ले कळपात आल्यावर कोणी कोणाचे खायचे हे तुम्हाला ठरवता येणार नाही, म्हणून सर्वांत सोपा मार्ग असा की दोन-तीन महिने सगळ्यांनाच चिक मॅश (पिल्लांचे खाद्य) द्यावा आणि अंडी देणाऱ्या कोंबड्यांसाठी शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा. ज्यांना गरज असते त्या कोंबड्या तो आपणहून खातात, पिल्ले त्याच्याकडे फारशी फिरकत नाहीत. काळी सध्या अंडी देत नसल्याने तिलाही चिक मॅश पुरेसा आहे. पाण्याचे भांडे उथळ घ्या आणि त्यात गोटे टाका. घरगुती पिल्ले रोगापेक्षा पाण्यात बुडून मेल्याची उदाहरणे मी कितीतरी पाहिली आहेत.

लसीबद्दल तुम्ही विचारले नाही, पण तो विषय टाळता येणार नाही. मानमोडी, म्हणजे राणीखेत, एकदा अंगणात शिरली की पिल्ले आणि मोठे पक्षी असा भेद ठेवत नाही. लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात पाचव्या ते सातव्या दिवशी देतात. तुमचे दोन दिवस उलटले आहेत, तरी पिल्ले निरोगी असतील तर आता द्यावी आणि साधारण चौथ्या आठवड्यात पुन्हा द्यावी. देवीची लस सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास पंखाच्या पातळ कातडीत टोचतात. ही लस येथे औंधलाच पशुवैद्यकीय जैव पदार्थ निर्मिती संस्थेत तयार होते. घरगुती पाळणाऱ्यांची खरी अडचण लस मिळण्याची नसते. कुपीत शंभर किंवा त्याहून अधिक मात्रा असतात आणि एकदा द्रावण केले की ती तासा-दोन तासांत संपवावी लागते. म्हणून आसपासच्या चार घरांनी एकच सकाळ ठरवावी आणि कुपी बर्फाच्या थर्मासमध्ये आणावी. खिशात घालून आणलेली लस म्हणजे नुसते पाणी समजावे.

रंगीत पिल्लांबाबत माझे उत्तर स्पष्ट नकार असे आहे. ती बहुधा अंड्यांच्या जातीतील नर पिल्ले असतात. हॅचरीला (अंडी उबवणाऱ्या केंद्राला) त्यांचा उपयोग नसतो, म्हणून ती रंगवून विकली जातात आणि हातात येईपर्यंत ती किती गर्दीतून फिरलेली असतात याचा कोणालाही पत्ता नसतो. शिवाय परकी पिल्ले खुडूक कोंबडीखाली सरकवायची असतील, तर तिची स्वतःची पिल्ले निघाल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांतच ते साधते. नवव्या दिवशी काळी आपली सात पिल्ले आवाजावरून ओळखते आणि गुलाबी रंगाचे पिल्लू तर तिला अंधारातून उजेड झाल्याबरोबर दिसेल. ती चार पिल्ले नणंदबाईंच्याच घरी खोक्यात बल्बखाली वाढवावीत. पहिल्या आठवड्यात बल्बखाली ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास ऊब ठेवून दर आठवड्याला ती सुमारे तीन अंशांनी कमी करावी. पिल्ले बल्बखाली एकमेकांवर चढून बसली तर त्यांना थंडी वाजते आणि लांब पळून चोच उघडून धापा टाकू लागली तर उकडते, हे पाहण्यासाठी तापमापीचीही गरज नाही. त्यांना हाताळणाऱ्या मुलांनी प्रत्येक वेळी साबणाने हात धुवावेत. २०२५ च्या सुरुवातीला सिंहगड रस्ता परिसरात गुलियन-बारे सिंड्रोमचे (नसांवर परिणाम होऊन हातपाय दुबळे पडणाऱ्या आजाराचे) रुग्ण वाढले, तेव्हा काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू आढळला होता आणि तो कोंबड्यांच्या आतड्यातही सहज राहतो. तुमचे धायरी त्याच भागात आहे, म्हणून मुद्दाम लिहिले.

उत्तर – पाषाणची आजी

दोघांचेही म्हणणे वाचले, तरी मी वेगळे सांगणार आहे. आईवर विश्वास ठेवा असे म्हणणे सोपे असते. चार वर्षांपूर्वी मी पाषाणला अशीच नऊ पिल्ले आईबरोबर सोडली होती. दोन घारीने नेली, तीन एका रात्रीत मुंगसाने मारली आणि राहिलेल्यांपैकी एक पिल्लू माझ्याच कोंबडीने टोचून आंधळे केले. त्यानंतर मी इन्क्युबेटर घेतला. आता पिल्ले आठ आठवडे वेगळी वाढवते आणि आकाराने ती मोठ्यांच्या निम्म्याहून अधिक झाली की मगच मिसळते. मिसळल्यावर दोन-तीन दिवस थोडी टोचाटोची होते, पण आजवर एकही पिल्लू दगावलेले नाही. जुन्या कळपाच्या शहाणपणावर विसंबण्यापेक्षा पिल्लांच्या अंगाची वाढ अधिक भरवशाची असते, असे माझे मत झाले आहे.

उत्तर – सूसगावकर

आजी, तुमची पद्धत चुकीची नाही, परंतु ती बिनआईच्या पिल्लांची पद्धत आहे. ज्यांना भांडून वाट करून देणारे कोणी नाही, त्यांना स्वतःच्या अंगबळावरच आत जावे लागते, म्हणून तेथे सहा-आठ आठवडे थांबणे आणि एकट्या-दुकट्याऐवजी सर्व पिल्ले एकदम सोडणे हेच बरोबर आहे. ताईंकडे आई आहे आणि तिची मुदत चालू आहे, हा फरक आहे. घार आणि मुंगूस यांच्याबद्दल मात्र तुम्ही लिहिलेले शंभर टक्के मान्य. तुमच्या नऊपैकी पाच पिल्ले बाहेरच्या शत्रूंनी नेली, हेही लक्षात घ्या. त्यासाठी वर जाळी किंवा जुनी साडी ताणून बांधणे आणि रात्रीची खोली पक्की असणे गरजेचे आहे. पिल्ले कळपापासून लांब ठेवल्याने घार थांबत नाही.

प्रश्नकर्तीचे उत्तर, चार आठवड्यांनी – परसदार, धायरी

सर्वांचे आभार. काय घडले ते सविस्तर लिहिते, म्हणजे पुढे कोणाला उपयोगी पडेल. जाळी आणायला गेले तेव्हा हार्डवेअरच्या दुकानदाराने ‘प्लास्टरला हवी का?’ असे विचारले. ‘नाही, कोंबड्यांना’ असे सांगितल्यावर त्यालाच आश्चर्य वाटले, कारण गवंडी भिंतीच्या सांध्यावर ठोकतात तिलाच चिकन मेश म्हणतात आणि तिच्या नावातली कोंबडी सगळेच विसरले आहेत. चार दिवस काळी आणि पिल्ले जाळीआड होती. पहिल्या दिवशी थोरली गिरिराज दहा-बारा वेळा जाळीवर धावून आली, तिसऱ्या दिवशी तिने जाळीकडे पाठ करून मातीत अंग घोळवले.

पाचव्या दिवशी, पावसाने उघडीप दिल्यावर, साडेपाचच्या सुमारास जाळी उचलली. थोरली गिरिराज सवयीने पिल्लांकडे निघाली. काळीने मान जमिनीसरशी खाली घेतली, गळ्याची पिसे ताटासारखी फुलवली, दोन्ही पंख मातीला टेकवून फरफटत ती समोर गेली आणि एकच उडी मारली. वजनाने तिच्या जवळजवळ दुप्पट असलेली गिरिराज दोन पावले मागे सरली आणि जणू काही झालेच नाही अशा थाटात गवताची काडी टोचू लागली. एवढ्या वेळात सातही पिल्ले विटांवर ठेवलेल्या क्रेटखाली गेली होती. कोंबड्याने तर आम्हाला चकितच केले. त्याला एक वाणी किडा सापडला, तो त्याने स्वतः न खाता पिल्लांपुढे टाकला आणि ती येईपर्यंत टुकटुक करत उभा राहिला. पिल्लांनी तो खाल्ला नाही, पण पाहिला मात्र सगळ्यांनी.

खाद्य सर्वांचे बदलले आहे. अंड्यांची कवचे पहिल्या आठवड्यात थोडी पातळ वाटली, शिंपल्यांचा चुरा ठेवल्यावर ठीक झाली. लस आमच्या गल्लीतील दोन घरे आणि शेजारच्या सोसायटीमागचे एक शेतकरी अशी मिळून दोनदा दिली. एक पिल्लू मात्र गेले, आणि ते माझ्याच चुकीने गेले. पाण्याच्या भांड्यात गोटे टाकले होते, परंतु भांडी घासण्याची अर्धी भरलेली बादली नळाखाली तशीच राहिली आणि पिल्लू तिच्या काठावरून आत पडले. एका पिल्लाने मध्यंतरी पंख सोडले होते, त्याची शीट तपासून घेतली, रक्ती हगवण निघाली आणि पाच दिवसांच्या औषधाने ते बरे झाले. नणंदेकडच्या चार रंगीत पिल्लांपैकी दोन पहिल्याच आठवड्यात गेली. ती काळीखाली घातली नाहीत, याबद्दल आता घरात कोणाचीही तक्रार उरलेली नाही.

आता नवी काळजी आहे. पिल्ले सव्वापाच आठवड्यांची झाली आहेत आणि दोन दिवसांपासून पिल्लू जवळ आले की काळी स्वतःच त्याच्या डोक्यावर टोच मारते. तिचा तुरा पुन्हा लाल होऊ लागला आहे. काल रात्री ती प्रथमच पिल्लांना खाली सोडून वर दांडीवर इतर कोंबड्यांत जाऊन बसली. सहाही पिल्ले क्रेटमध्ये एकमेकांना चिकटून, बराच वेळ ओरडत बसली होती. ती अजून लहान दिसतात. काळीला पुन्हा त्यांच्याबरोबर कोंडावे का?

उत्तर – सूसगावकर

कोंडू नका, तिने पिल्ले तोडली आहेत. तुरा लाल होतो आहे म्हणजे आठ-पंधरा दिवसांत ती पुन्हा अंडी देऊ लागेल. आता जबरदस्तीने एकत्र ठेवले, तर तिच्या टोचा वाढतील. ही सहा पिल्ले उद्यापासून उतरंडीच्या अगदी तळाशी असतील, मोठ्या कोंबड्या त्यांना भांड्यावरून हाकलतील, आणि तसे होणे गैर नाही. फक्त हाकलल्यावर जायला जागा असली पाहिजे. म्हणून क्रेट, विटा आणि खाद्याचे दुसरे भांडे तीन महिने पूर्ण होईपर्यंत तेथून हलवू नका. पिसे भरलेली असल्याने सहाजण एकमेकांच्या उबेवर रात्र काढतात. फक्त पाऊस आत येत नाही ना, हे पाहा. क्रेटशेजारी जमिनीपासून वीतभर उंचीवर एक आडवी फळी ठेवा. आधी त्यावर बसतील, मग काही आठवड्यांनी आपणहून वरच्या दांडीच्या टोकाला जातील. टोकालाच जातील, कारण मधली जागा थोरल्या गिरिराजची आहे. आणि ती बादली नळाखालून काढली असेल, असे गृहीत धरतो.